एका झुडपाची ओळख

सोसायटी म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे येतात वॉचमन, पाण्याची टाकी, पार्किंगवरून भांडणं आणि कोरम भरला नाही म्हणून अर्धा तास तहकूब झालेली वार्षिक सभा. कॅलिफोर्नियात एक वेगळ्याच जातीची सोसायटी आहे. तिचं नाव कॅलिफोर्निया नेटिव्ह प्लँट सोसायटी. त्या मातीत मुळातच उगवणारी झाडं, झुडपं, गवतं आणि रानफुलं ओळखायची, ती जपायची आणि दुसऱ्यांना दाखवायची, एवढ्यासाठी जमलेल्या लोकांची ही संस्था. १९६५ साली सुरू झाली, आणि आज तिच्या तीसहून जास्त स्थानिक शाखा आहेत.

या शाखांचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. महिन्यातून एकदा एखाद्या वाचनालयात किंवा चर्चच्या हॉलमध्ये सभा. कोणीतरी येऊन चित्रं दाखवत तासभर बोलतो. शनिवार-रविवारी फुलं बघायला सहल. हातात त्या टेकडीवरच्या वनस्पतींची छापील यादी, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. अधूनमधून कार्यशाळा. फूल उकलून पाकळ्या, पुंकेसर मोजायचे आणि जाडजूड ग्रंथातल्या प्रश्नांची पायरी-पायरीने उत्तरं देत नावापर्यंत पोचायचं. शरद ऋतूत रोपांची विक्री, कारण तिथला पाऊस हिवाळ्यातला, त्याच्या आधी रोप जमिनीत गेलं पाहिजे. आणि मधल्या काळात कुठल्यातरी उतारावर बाहेरून आलेली झुडपं उपटण्याचं श्रमदान.

बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, निवृत्त मंडळींचा छान विरंगुळा आहे. विरंगुळा आहेच. पण अशा विरंगुळ्यातून काय उभं राहू शकतं हे बघायचं असेल तर एका झुडपाची गोष्ट ऐकायला हवी. ही गोष्ट १०५ वर्षांची आहे आणि त्यातली माणसं एकमेकांच्या हातात हात देत गेल्यासारखी पुढे जातात.

झुडपाचं नाव फ्रान्सिस्कन मँझनीटा. मँझनीटा म्हणजे स्पॅनिशमध्ये छोटं सफरचंद. फळं तशीच दिसतात, बोराहूनही लहान. कॅलिफोर्नियात मँझनीटाच्या पुष्कळ जाती आहेत. गुळगुळीत तांबडी साल, चामड्यासारखी पानं आणि हिवाळा सरता सरता येणारी उलट्या सुगडासारखी नाजूक पांढरट-गुलाबी फुलं. तिथले मूळ रहिवासी या फळांचं पेय करून पीत. वनस्पतिशास्त्रज्ञ येण्याच्या हजारो वर्षं आधी या झुडपांना ओळखणारी माणसं तिथे होती, आणि त्यांना त्या जमिनीवरून हुसकावल्यावर त्या ओळखीतलं पुष्कळसं त्यांच्याबरोबरच गेलं. पुढची गोष्ट वाचताना हे लक्षात ठेवायला हवं. आपण सांगतोय ती दुसऱ्यांदा झालेली ओळख आहे.

फ्रान्सिस्कन मँझनीटा फक्त सॅन फ्रान्सिस्को शहरात उगवायची. जगात दुसरीकडे कुठेच नाही. कारण तिला लागते तशी जमीन. या भागात सर्पेंटाइन नावाचा हिरवट खडक आहे. त्याच्या मातीत कॅल्शियम कमी, मॅग्नेशियम भरमसाट आणि वर निकेल-क्रोमियमसारखे जड धातू. बहुतेक झाडं अशा जागी तग धरत नाहीत. जी धरतात ती मग तिथलीच होऊन जातात. कॅलिफोर्नियात उपजाती धरून सुमारे साडेसहा हजार प्रकारच्या देशी वनस्पती आहेत आणि त्यातल्या जवळजवळ एक तृतीयांश जगात इतरत्र सापडत नाहीत. त्यामागे कोरडा उन्हाळा आणि उंच डोंगर आहेत, तशी ही असली हट्टी जमीनही आहे.

या झुडपाला शास्त्रीय नाव दिलं ॲलिस ईस्टवुड या बाईंनी, १९०५ साली. आर्क्टोस्टॅफिलॉस फ्रान्सिस्काना. ईस्टवुडबाई हे प्रकरण विलक्षण होतं. जन्म १८५९ चा, कॅनडातला. डेन्व्हरमध्ये वाढल्या, तिथेच शाळामास्तरीण होत्या. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. सुट्टीत रॉकी पर्वतात भटकून वनस्पतिशास्त्र स्वतःच शिकल्या. इतक्या की १८८७ साली आल्फ्रेड रसेल वॉलेस, उत्क्रांतीच्या सिद्धांतातला डार्विनचा भागीदार, तिकडे आला तेव्हा त्याला डोंगरावर घेऊन जायला याच बाई होत्या. १८९२ मध्ये त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसमध्ये आल्या आणि १९४९ पर्यंत, म्हणजे वयाच्या नव्वदीपर्यंत, तिथल्या वनस्पती विभागाच्या प्रमुख राहिल्या.

त्यांच्या आधी त्या जागेवर कॅथरीन ब्रँडेजी होत्या. या बाईंनी १८९१ साली कॅलिफोर्निया बोटॅनिकल क्लब काढला होता, आणि तो हौशी लोकांसाठी होता. ईस्टवुडबाईंनी तो पुढे कितीतरी वर्षं चालवला. सभा घ्यायच्या, ताजी फुलं टेबलावर मांडून नावं सांगायची, सुट्टीच्या दिवशी लोकांना घेऊन माउंट तामालपाइसवर चालत जायचं. आजच्या शाखांचा कार्यक्रम बघितला तर त्यात फारसं नवीन काही नाही हे लक्षात येतं. सव्वाशे वर्षांपूर्वीचाच तो शिरस्ता आहे.

मँझनीटाला नाव देऊन जेमतेम वर्ष झालं आणि १८ एप्रिल १९०६ ला पहाटे भूकंप झाला. मागून आग आली. अकॅडमीची इमारत मार्केट स्ट्रीटवर होती आणि हर्बेरियम, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींचा संग्रह, सहाव्या मजल्यावर. संगमरवरी जिना मोडून पडलेला. ईस्टवुडबाई एका मित्राला बरोबर घेऊन कठड्याला धरत धरत वर चढल्या. तेव्हा त्या सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे सगळे नमुने एकत्र ठेवायचे असत, पण बाईंनी ती पद्धत मोडून 'टाइप' नमुने वेगळे काढून ठेवले होते. टाइप म्हणजे ज्या एका नमुन्यावरून जातीला नाव दिलं तो मूळ नमुना. नावाबद्दल कधी वाद झाला तर तोच शेवटचा पुरावा. असे १४९७ नमुने त्यांनी दोरीने खाली सोडले. बाकी संग्रह जळाला. बाईंचं स्वतःचं घरदारही गेलं. नंतरच्या आयुष्यात त्यांनी पुन्हा लाखो नमुने जमवले.

आता मँझनीटाकडे वळू. ती शहरात मोजक्या खडकाळ जागी होती, आणि त्यातल्या महत्त्वाच्या जागा होत्या स्मशानभूमी. गंमत वाटेल, पण याला कारण आहे. शहर वाढत होतं, टेकड्या सपाट होत होत्या. जिथे घरं बांधायला बंदी होती अशी जागा म्हणजे कब्रस्तान. थडग्यांच्या मधल्या उघड्या खडकावर झुडूप सुखाने पसरत राहिलं. मेलेल्यांनी ते सांभाळलं म्हणा ना.

पण शहराची भूक मोठी. नव्या शतकाच्या सुरुवातीलाच शहरात नवीन दफन करायला बंदी आली होती. नंतर जुनी कब्रस्तानंसुद्धा हलवायची टूम निघाली आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस मतदारांनी तसा कौल दिला. हजारो मृतांचे अवशेष शहराबाहेर कोल्मा नावाच्या गावी गेले. त्या गावात आजही जिवंत माणसांपेक्षा थडग्यांची संख्या कितीतरी जास्त आहे. लॉरेल हिल नावाचं जुनं कब्रस्तान असंच रिकामं झालं आणि १९४७ साली तिथे घरं बांधण्यासाठी बुलडोझर आले. त्याबरोबर फ्रान्सिस्कन मँझनीटाची शेवटची माहीत असलेली रानटी जागा संपली.

इथे जेम्स रूफ हा माणूस येतो. खाडीच्या पलीकडे बर्कलीच्या डोंगरात टिल्डन पार्क आहे. तिथे १९४० च्या १ जानेवारीला एक बाग सुरू झाली, फक्त कॅलिफोर्नियाच्या देशी झाडांची. रूफ तिचा पहिला संचालक. वाळवंट, समुद्रकाठ, रेडवुडचं जंगल, सिएरा नेवाडाचे उंच डोंगर, असे राज्यातले प्रदेश दहाएक एकरांत शेजारी शेजारी मांडलेले. बुलडोझर यायच्या आधी रूफ लॉरेल हिलवर गेला आणि मँझनीटा उपटून, गोणपाटात घालून घेऊन आला. ती त्याच्या बागेत जगली. तिच्या छाटांपासून आणखी रोपं झाली. रानातून जात गेली, बागेत राहिली.

आणि मग ही बागच धोक्यात आली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला उद्यानांच्या प्रशासनाने ती तिथून हलवून दुसऱ्या उद्यानात न्यायचं ठरवलं. कागदावर हे सोपं दिसतं. पण वीस वर्षं मुरलेली झाडं म्हणजे काही ऑफिसातलं फर्निचर नव्हे. त्यातली काही तर जगात फक्त तिथेच उरलेली. बर्कली आणि आसपासची माणसं एकत्र आली. कोणी प्राध्यापक, कोणी गृहिणी, कोणी वकील, विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेचे संचालक ऑगस्ट फ्रूजे, घराच्या चढावर देशी झाडांची बाग फुलवणारी जेनी फ्लेमिंग. पत्रं लिहिली, सभांना हजेरी लावली, बैठकांमध्ये प्रश्न विचारले. बेत बारगळला. बाग जागेवर राहिली.

साधारणपणे अशी आंदोलनं जिंकल्यावर चहा पिऊन संपतात. इथे जमलेल्यांना वाटलं, एक बाग वाचली, पण राज्यभर रोज डोंगर खणले जातायत त्यांचं काय? म्हणून १९६५ मध्ये सोसायटी काढली. लेस्टर राउनट्री ही तेव्हा पंचाऐंशीच्या पुढे गेलेली बाई मानद अध्यक्ष. तिने आयुष्याचा मोठा भाग गाडीत सामान टाकून एकटीने रानफुलांचं बी गोळा करत घालवला होता. पुढच्या वर्षी अध्यक्ष झाले लेडयार्ड स्टेबिन्स. हे उत्क्रांतीशास्त्रातलं फार मोठं नाव, त्यांचा १९५० सालचा वनस्पतींच्या उत्क्रांतीवरचा ग्रंथ मैलाचा दगड मानला जातो. असा माणूस सोसायटीच्या सहलींत हौशी मंडळींबरोबर गुडघ्यावर बसून गवत बघायचा.

स्टेबिन्सना एक साधा प्रश्न पडला होता. कॅलिफोर्नियातल्या दुर्मिळ वनस्पती नेमक्या कोणत्या, आणि त्या कुठे उरल्या आहेत? याचं उत्तर कोणाकडेच एका जागी नव्हतं. त्यांनी कार्डं करायला सुरुवात केली. एका कार्डावर एक वनस्पती, तिची माहीत असलेली ठिकाणं. पण हर्बेरियममधल्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, समजा, 'पुलाच्या उत्तरेला, १९१२.' तिथे आज ते झाड आहे का, पूल तरी आहे का, हे जाऊन बघितल्याशिवाय कसं कळणार? आणि जाणार कोण? राज्य महाराष्ट्राहून मोठं, विद्यापीठांतली तज्ज्ञ माणसं थोडी. तेव्हा उपयोगी पडल्या त्या शाखा आणि त्यांच्या शनिवारच्या सहली. फुलं बघायला गेलेल्या लोकांनी पाहिलं, मोजलं, नकाशावर खूण केली, कळवलं. १९७४ मध्ये सोसायटीने दुर्मिळ वनस्पतींची पहिली सूची छापली. सरकारने नव्हे, सोसायटीने. १९७७ साली राज्याने देशी वनस्पती संरक्षणाचा कायदा केला. आजही रस्ता, धरण, वसाहत यांचा पर्यावरण अहवाल करताना तिथे दुर्मिळ वनस्पती आहेत का हे बघायला लागतं तेव्हा ही सूची उघडली जाते.

सूची म्हणजे सर्व दुखण्यांवर औषध नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात दुर्मिळ प्राण्याला खासगी जमिनीवरही जे संरक्षण आहे ते वनस्पतीला नाही. सूचीत नाव आहे म्हणून बुलडोझर थांबेलच असं नाही. पण नावच नसेल तर थांबायचं कशासाठी, हा प्रश्नसुद्धा कोणी विचारत नाही.

सूचीत एक वर्ग आहे, 'नामशेष समजलेल्या' वनस्पतींचा. त्यातला 'समजलेल्या' हा शब्द मला आवडतो. माउंट डायब्लो बकव्हीट नावाचं इवलंसं गुलाबी फूल त्या वर्गात होतं. १९३६ साली ते मेरी बोवरमन या तरुण विद्यार्थिनीने पाहिलं, त्यानंतर कोणालाच दिसलं नाही. बोवरमनबाईंनी त्या डोंगरावरच्या वनस्पतींवर १९४४ साली पुस्तक काढलं, १९७१ मध्ये डोंगर वाचवण्यासाठी संस्थाही स्थापन केली. मे २००५ मध्ये बर्कलीच्या एका विद्यार्थ्याला ते फूल पुन्हा सापडलं. वीसेक रोपं. बोवरमनबाई तेव्हा सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या आणि ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या गेल्या. २०१६ साली जवळच्याच दुसऱ्या एका राखीव क्षेत्रात त्याच फुलाची सुमारे १८ लाख रोपं मिळाली. ती काही एका रात्रीत आली नव्हती. ओळखणारं कोणी त्या उतारावर गेलं नव्हतं, इतकंच.

आणि आता आपल्या मँझनीटाचा शेवटचा अंक. ऑक्टोबर २००९. गोल्डन गेट पुलाकडे जाणारा डॉइल ड्राइव्ह हा जुना रस्ता पाडून नवा करायचा होता, त्यासाठी कडेची झाडंझुडपं तोडली होती. डॅन ग्लूसनकॅम्प नावाचा परिसंस्थांचा अभ्यासक गाडीतून चालला होता. रहदारीच्या मधल्या एका तुकड्यावर त्याला एक झुडूप दिसलं. धावत्या गाडीतून. पुन्हा वळून येऊन बघितलं. सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीतल्या मँझनीटाच्या तज्ज्ञांनी तपासलं. फ्रान्सिस्कन मँझनीटाच! ६२ वर्षं रानातून गेलेली मानलेली जात, रोज हजारो गाड्या जातात त्या रस्त्याच्या कडेला उभी होती. ताडून बघायला काय होतं? रूफने गोणपाटातून आणलेल्या आणि बागेत जपलेल्या रोपांची संतती. हा ग्लूसनकॅम्प पुढे नेटिव्ह प्लँट सोसायटीचा कार्यकारी संचालक झाला.

रस्त्याचं काम थांबणार नव्हतं. जानेवारी २०१० मध्ये मुळांभोवतीच्या कित्येक टन मातीसकट झुडूप क्रेनने उचललं आणि जवळच्या प्रेसिडिओ उद्यानात गुप्त जागी लावलं. गुप्त अशासाठी की बघायला येणाऱ्यांच्या पायांनीच ते मरू नये. २०१२ मध्ये केंद्र सरकारने त्याला धोक्यातल्या जातींच्या यादीत घेतलं.

या सगळ्याला दोन लाख डॉलरहून जास्त खर्च आला, आणि त्यावर टीका झाली. टीकेतला मुद्दा काही खोटा नव्हता. हेच झुडूप नर्सरीत थोडक्या डॉलरांत विकत मिळत होतं! मग एका झुडपासाठी एवढे पैसे कशाला? याचं शास्त्रीय उत्तर आहे. नर्सरीतली सगळी रोपं कब्रस्तानातून वाचवलेल्या मोजक्या झुडपांचीच छाटकलमं, म्हणजे त्यांच्याच प्रती. रस्त्याकडेचं झुडूप मात्र स्वतंत्र होतं, बियांतून आलेलं. जातीला पुन्हा रानात उभं राहायचं असेल तर एकाहून जास्त वंश लागतात. हजार प्रती काढल्या तरी पुस्तक एकच राहतं, तसं हे आहे.

तरी पैशांचा प्रश्न उरतोच, आणि दोन लाख डॉलरमध्ये दुसरं काय काय झालं असतं हे विचारणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही. फक्त मला हिशेबाची दुसरी बाजूही दिसते. ते दोन लाख अगदी शेवटी लागले. त्याआधी १०५ वर्षं या झुडपाचा सांभाळ जवळजवळ फुकटात झाला होता. शाळामास्तरणीने नाव दिलं. बागेच्या संचालकाने उचलून आणलं. गावातल्या माणसांनी बाग राखली. त्यांच्या सोसायटीने नावं, ठिकाणं, सवयी यांची नोंद ठेवली आणि ती ओळख सहलीला आलेल्या प्रत्येक नवशिक्याला पुन्हा पुन्हा सांगितली. यातली कुठलीही एक कडी निसटली असती तर २००९ साली डॉइल ड्राइव्हवर दिसलं असतं ते नुसतं एक हिरवं झुडूप, तोडायचं राहून गेलेलं. दुसऱ्या दिवशी ते तोडलंही असतं.

म्हणून मला त्या वाचनालयातल्या सभा आणि शनिवारच्या सहली फार मोलाच्या वाटतात. ग्रंथ आणि हर्बेरियम यांत नाव टिकतं, पण ओळख टिकायला माणूस लागतो. आणि ती ओळख वाचून पुरती होत नाही. कोणीतरी बाजूला उभं राहून, पान उलटं करून, "हे बघा, इथे लव आहे, त्या दुसऱ्यावर नसते" असं सांगावं लागतं. तज्ज्ञ हे सगळीकडे करू शकत नाहीत. ते करतात पेन्शनीतले इंजिनियर, शाळेतल्या बाई, आईबरोबर आलेली दहा वर्षांची पोरं. पीटर रेव्हन हा जगप्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ असाच अकॅडमीच्या बालगटातून वर आला. शाळकरी वयात त्याला प्रेसिडिओमध्ये एक मँझनीटा दिसली, ती वेगळीच निघाली आणि तिला त्याचं नाव मिळालं. रानात तिचं मूळचं एकच झुडूप उरलं आहे.

२०१० पासून सोसायटीने दुर्मिळ वनस्पतींचा 'ट्रेझर हंट' सुरू केला. जुन्या नोंदीतली एक जागा घ्यायची, तिथे चालत जायचं आणि ती वनस्पती अजून आहे का ते बघून कळवायचं. बऱ्याच नोंदी कित्येक दशकांपूर्वीच्या आहेत, त्यानंतर तिथे कोणी गेलेलंच नाही. कामाला पदवी लागत नाही. शनिवार मोकळा लागतो, पाण्याची बाटली लागते, आणि काहीच सापडलं नाही तरी 'नाही' असं प्रामाणिकपणे लिहून पाठवायची तयारी लागते. तीही नोंदच असते.